शेजारची जागा

लहान मुलाला दुपारच्या वेळीं एका जागीं स्वस्थ बसविणें ज्याला साधलें, त्याला संसारांतील एक मोठीच विद्या साधली, असें आम्ही पूर्वीं समजत होतों. ही विद्या आम्हांला दूरदर्शनच्या यंत्रानें दिली. मुलगा आणि सूनबाई कचेरीला गेलीं आणि सौभाग्यवती वामकुक्षीसाठीं आडव्या झाल्या, कीं आमच्या साडेचार वर्षांच्या नातीचा भार आमच्यावर येई. तो भार आम्ही मुलांच्या कार्यक्रमावर टाकीत असूं आणि खुर्ची खिडकीकडे ओढून वर्तमानपत्रांत डोकें खुपशीत असूं. कार्यक्रम अक्षरओळखीचा होता. त्यामुळें मनाला टोंचणी तर नव्हतीच. उलट नातीच्या शिक्षणाची आपण केवढी सोय केली, असा थोडासा अभिमानच होता.

एके दिवशीं आमचे एक जुने स्नेही आले. मनूनें त्यांना 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सारी वर्णमाला एका दमांत म्हणून दाखविली. आमची मान ताठ झाली. स्नेह्यांनीं सहज आमचें वर्तमानपत्र उचललें, मथळ्यांतील एका अक्षरावर बोट ठेवलें आणि विचारलें, "हें कोणतें बरें?" मनू गप्प. "हा 'ग', नाहीं का?" त्यांनींच सुचविलें. त्यावर ती ठामपणें म्हणाली, "हा 'ग' नाहीं! ह्याच्याजवळ गणपती कुठें आहे?"

स्नेही मोठ्यानें हंसले. आम्हीही हंसलों, पण रात्रीं लवकर झोंप लागली नाहीं. इतके महिने मुलीनें अक्षर असें पाहिलेंच नव्हतें. तिनें पाहिला होता गणपती आणि पाठ केली होती एक चाल. आणि हें आम्हांला कळलें नव्हतें, कारण इतक्या दिवसांत आम्ही तिच्याजवळ एकदांही बसलों नव्हतों.

दुसऱ्या दिवशीं आमची खुर्ची खिडकीजवळून हलली. कार्यक्रम तोच, पण आतां आम्ही दोघें मिळून तो पाहूं लागलों. पडद्यावर 'ग' आला, कीं आम्ही यंत्र थांबवीत असूं. गवत, गाजर, गाढव अशा शब्दांत आरंभीं कोणता आवाज येतो, तो आधीं कानानें ओळखावयाचा, मग डोळ्यांनीं शोधावयाचा. गाण्याखालीं ओळी येत, तेव्हां त्यांवरून बोट फिरवावयाचें. एकदां 'चिमणी' हा शब्द आला आणि मनूनें आमचा हात धरला. "आजोबा, वेलांटी आधीं कां आली? आपण तर 'च' आधीं म्हणतों." साठ वर्षें आम्ही वाचीत आहों, पण ही गोष्ट कधीं मनांत आली नव्हती. लिहितांना ती पुढें उभी राहते आणि बोलतांना मागून येते, असें आम्हीं सांगितलें. "म्हणजे ती उगीच पुढें पुढें करते!" मनू म्हणाली. ती वेलांटी ती आतां जन्मांत विसरणार नाहीं, आणि आम्हीही नाहीं. हा प्रश्न पडद्याला ऐकूं आला नसता.

आमच्या या शोधांत नवें असें कांहीं नाहीं. अमेरिकेंत 10 नोव्हेंबर 1969 रोजीं 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हां वडील माणसांनींही मुलांजवळ बसावें म्हणून त्यांत मोठ्यांसाठीं विनोद आणि नामांकित पाहुणे मुद्दाम घातले होते. पहिल्या वर्षाची परीक्षा 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' या संस्थेनें 1970 सालीं केली. ज्यांनीं कार्यक्रम अधिक पाहिला तीं मुलें अधिक शिकलीं. आणि सर्वांत अधिक शिकलेल्यांच्या आया पुष्कळदां त्यांच्यासह तो पाहून त्याविषयीं त्यांच्याशीं बोलत, असें त्यांत आढळलें. आपल्याकडे अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेंतील ब्रिज कोठारी यांना 1996 सालीं चित्रपटगीतांखालीं त्याच भाषेंत त्यांचे शब्द दाखविण्याची कल्पना सुचली. 1999 सालीं ती गुजराती गीतांच्या कार्यक्रमांत आणि 2002 सालीं 'चित्रहार'मध्यें उतरली. गायला जाणारा शब्द रंग बदलतो आणि डोळा न सांगतां त्याच्यामागें जातो. तेव्हां यंत्राला आम्ही दोष देत नाहीं. तें अक्षर दाखवितें, पुन्हापुन्हा दाखवितें आणि कधीं कंटाळत नाहीं. मात्र मूल काय पाहत आहे, हें त्याला दिसत नाहीं. तें पाहणारें कोणी शेजारीं असावें लागतें.

परवां कार्यक्रमांत एका गोष्टीखालीं 'घर' असा शब्द आला. आम्हीं बोट उचलण्यापूर्वींच मनूनें तो वाचला. क्षणभर ती स्वतःच चकित झाली. मग म्हणाली, "आतां टीव्ही बंद करा. तुमच्या पेपरांत 'घर' कुठें आहे, तें शोधूं." त्या दिवसापासून वर्तमानपत्र आम्हांला एकट्याला असें मिळालेलें नाहीं. त्यावर बोटांचे ठसे असतात, आणि अग्रलेख बहुधा अर्धाच वाचून होतो. आमची कांहींच तक्रार नाहीं.