मूळ पाठ आणि दोन मनगटे

जुनी वस्तू दुरुस्त करणारा मनुष्य, त्याची इच्छा असो वा नसो, संपादकाच्या भूमिकेत शिरतो. झिजलेल्या जागी काहीतरी घालावेच लागते. प्रश्न उरतो तो कोणता पाठ स्वीकारायचा, एवढाच. इंग्लंडमधल्या वास्तव्यात आम्ही दोघांनी मिळून १९६६ ची एक एमजीबी सांभाळली आहे. तिच्या स्टिअरिंग व्हीलच्या कड्याला तडे गेले, तेव्हा हा प्रश्न पाठचिकित्सेत असतो तितकाच गंभीर होऊन आमच्यापुढे आला.

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत असे. पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्यामुळे सुटे भाग विपुल मिळतात, आणि ही विपुलताच निवड अवघड करते. सुरुवातीच्या गाड्यांचे चाक साडेसोळा इंची: तारांच्या आऱ्यांचे तीन झुबके, आणि भोवती कठीण काळ्या प्लॅस्टिकचे, बोटाएवढे बारीक कडे. १९७० च्या मॉडेलपासून धातूच्या तीन सच्छिद्र पट्ट्यांचे, चामड्याच्या कड्याचे चाक आले. तिसरा मोह लाकडी कड्याचा. इटलीच्या एन्रिको नार्दी यांच्या नावाशी जोडली गेलेली ही शैली स्पोर्ट्‌स कारच्या स्वप्नात इतकी मुरली आहे, की ज्या गाडीला कारखान्यातून तसे चाक कधी मिळालेच नाही, तिच्यावरही ते जन्मजात वाटते. पाठचिकित्सक ज्याला प्रक्षेप म्हणतात तो असाच असतो. पुष्कळदा मूळ संहितेहून देखणा.

चौदा इंची लाकडी चाक आम्हां दोघांनाही आवडले होते. ते लावले की मांड्यांना ऐसपैस जागा मिळते. पण या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चाकाची त्रिज्या ही तरफेची लांबी असते. साडेसोळावरून चौदा इंचांवर आले की तेच काम करायला हातांना सुमारे १८ टक्के अधिक जोर लावावा लागतो. धावत्या गाडीत हे फारसे जाणवत नाही. अरुंद जागेत गाडी लावताना जाणवते. आणि आमच्यापैकी एकाच्या मनगटांत संधिवाताने ठाण मांडले आहे.

कागदावर क्षुल्लक दिसणाऱ्या त्या १८ टक्क्यांवर, गाडी आमची राहणार की एकाची होणार, हे ठरणार होते. संसारातल्या पुष्कळ गोष्टी अशाच नकळत एकेकाच्या होत जातात. माळ्यावर चढणे एकाकडे गेले, बारीक टाइपातले वाचणे दुसऱ्याकडे. त्या यादीत गाडीची भर पडू द्यायची नव्हती.

तेव्हा कौल मूळ चाकाला मिळाला, पण निष्ठेच्या नावाने नव्हे. त्यातही एक अडचण होतीच: बारीक कडे घट्ट आवळावे लागते, आणि दुखऱ्या बोटांना जाड मूठ बरी पडते. म्हणून तडे राळेने भरून घेतले आणि कड्यावर चामड्याचे वेष्टन दोऱ्याने शिवून घेतले. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस सनदेत एक सूत्र आहे: गळालेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग एकूण रचनेशी सुसंवादी असावा, तरी मुळापासून वेगळा ओळखू यावा. आमची शिवण कोणी १९६६ ची समजणार नाही. आणि दोरा उसवला की खालचे जुने कडे तसेच हाती येईल.

संहितेची शुद्धता आणि वाचकाची सोय यांतला वाद आपण नेहमी तत्त्वाच्या पातळीवर घालतो. वाचक कोण, त्याचे हात कसे आहेत, हे विचारायचे राहून जाते. मूळ पाठ जपायचा, पण कोणाला वाचता यावा म्हणून, हेही संपादकाने सांगायला हवे. आमच्यापुरते उत्तर त्या चामड्यावर उमटू लागले आहे. ते हळूहळू काळवंडते आहे, आणि ते दोघांच्या हातांनी.