किल्ली काढल्यानंतर

एखादी गोष्ट सुरू कशी करावी हे मनुष्य जितक्या हौसेने शिकतो, तितक्या आस्थेने ती थांबवावी कशी हे शिकत नाही. किल्ली उलट फिरविली की मोटारीचे इंजिन थांबते, ही आपली समजूत बहुधा खरी ठरते, म्हणूनच तिचा आपण कधी विचार करीत नाही. परंतु किल्ली काढून हातात घेतल्यावरही इंजिन खोकत, थरथरत चालूच राहिले म्हणजे भल्या गृहस्थाचाही धीर सुटतो. शेजारीपाजारी जमतात आणि जो तो आपापले निदान सांगू लागतो.

काही वर्षांपूर्वी एका वैशाखात आमच्या घरच्या जुन्या, कार्बुरेटरच्या मोटारीने हा प्रकार आरंभिला. सकाळी बाजारात जाऊन आली तर ती मुकाट्याने थांबत असे. परंतु लातूरहून अहमदपूर, लोहा करीत उन्हातून नांदेडला परतलो की दारात हे नाटक ठरलेले. एका गॅरेजात आम्हांस सांगण्यात आले की, इंजिन खोलून पिस्टन बदलल्यावाचून गत्यंतर नाही. तो खर्च मोटारीच्या किमतीहून अधिक होता. मुलांनी ती भंगारात देण्याचा ठरावच मांडला. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण वडिलांनी हौसेने घेतलेली आणि घरात उरलेली अशी ती एकच वस्तू होती, त्यामुळे आमच्याने होकार देववेना.

अखेर जुन्या नांदेडातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गेलो. त्यांनी बॉनेटला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. “सर, बंद केल्यावर ती हालत-खोकत चालते, का नेहमीसारखी सुरळीत? थंड असताना करते, का गरम झाल्यावरच? आणि उभी असताना इंजिन जरा जास्तच पळते का?” आमची उत्तरे ऐकून ते म्हणाले, “मग खोलायची घाई कशाला?”

ह्या प्रश्नांत सारे शास्त्र साठविलेले आहे. पेट्रोलच्या इंजिनास हवा, इंधन आणि अग्नी अशा तीन वस्तू लागतात. किल्ली फिरविल्याने त्यांपैकी फक्त विजेची ठिणगी बंद होते. जुन्या कार्बुरेटरास किल्लीची वार्ताही नसते. पिस्टन ओढीत आहे तोवर तो पेट्रोल देत राहतो. अशा वेळी सिलिंडरात साचलेली काजळी किंवा प्लगचे टोक निखाऱ्यासारखे लाल झालेले असेल, तर ठिणगीवाचूनही मिश्रण पेट घेते. मात्र ते वेळी-अवेळी पेटते, म्हणून इंजिन खोकते व हिसके देते. इंजिन सुरळीत चालत राहिले, तर ठिणगीच गेलेली नाही असे समजावे. दोष किल्लीच्या स्विचात किंवा तारांत शोधावा. म्हणजे पहिल्याच प्रश्नाने रोग विजेचा की उष्णतेचा, हा निवाडा होतो.

इंग्रजीत ह्या विकारास ‘डिझेलिंग’ म्हणतात. रुडॉल्फ डिझेलने आउग्सबुर्ग येथे १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात ठिणगी नसतेच; दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ठिणगीवाचून चालण्याच्या ह्या साम्यावरून ते नाव पडले.

आयुर्वेदाच्या माधवनिदान ह्या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील उपशय म्हणजे कोणत्या उपायाने आराम पडतो हे पाहून रोग ओळखणे. आमच्या मिस्त्रींनी तो ग्रंथ पाहिलेला नसावा. पण त्यांची रीत तीच. प्रथम त्यांनी स्क्रू फिरवून उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग कमी केला. त्यामुळे आत जाणारे मिश्रण घटले आणि निम्मी खोड तेथेच गेली. मग गाळाने तुंबलेला रेडिएटर धुऊन काढला, चुकीच्या जातीचे, फार तापणारे प्लग बदलले आणि ठिणगी उशिरा पडत होती ती वेळेवर आणली. इंजिन खोलून काजळी काढण्याचा उपाय त्यांनी शेवटी ठेविला होता. त्याची गरजच पडली नाही. तोवर दारात पुन्हा असे झाल्यास काय करावे, तेही त्यांनी सांगितले: ब्रेक घट्ट दाबून वरच्या गियरमध्ये टाकावे आणि क्लच हळूच सोडावा, इंजिन दबून थांबते.

आता हा विकार दुर्मीळ होत चालला आहे. नव्या मोटारींत इंधन विजेच्या हुकमाने फवारले जाते. किल्ली फिरविताच ठिणगीबरोबर इंधनही तुटते. पद्मिनी जातीची मुंबईतील शेवटची नोंदलेली टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. नवी गाडी बंद केल्यावर घरघर ऐकू आली, तर तो बहुधा रेडिएटर थंड करणारा पंखा असतो. त्यास भिण्याचे कारण नाही. डिझेलच्या गाडीचे मात्र तसे नव्हे. तिच्या टर्बोतून गळणारे वंगणतेल आत ओढले गेले, तर इंजिन तेच जाळीत बेफाम धावते, आणि किल्लीला मुळीच जुमानत नाही. गियरच्या गाडीत वर सांगितलेला उपाय तत्काळ करावा. तो साधला नाही तर माणसांनी दूर व्हावे. इंजिनाची हवा कोंडणे हा दुसरा उपाय, पण तो जाणत्याचाच.

ह्या साऱ्यातून आम्हांस एक गोष्ट विशेष पटली. पहिल्या गॅरेजातील सल्ला अज्ञानाचा होता असे नाही. काजळी हे ह्या विकाराचे एक खरे कारण आहेच. उणीव क्रमाची होती. जे स्वस्त आणि परत फिरविता येण्यासारखे, ते आधी करून पाहावे. जे खर्चाचे आणि मोडतोडीचे, ते अगदी शेवटी. वैद्य, वकील, शिक्षक ह्या सर्वांनाच हा क्रम ठाऊक असतो. पण समोरचा मनुष्य घाबरलेला असला म्हणजे मोठा उपाय सांगून मोकळे होण्याचा मोह कोणासही होतो. मिस्त्रींना तो झाला नाही, म्हणून वडिलांची मोटार आणखी चार वर्षे आमच्या घरी राहिली.