ड्राय, पण कशाविना?

आषाढी एकादशीच्या दिवशी मुंबईत बहुधा पाऊस कोसळत असतो. रस्ता तुंबलेला, छत्री उलटी झालेली, आणि नाक्यावरच्या वाइन शॉपच्या बंद शटरवर पाटी: 'आज ड्राय डे'. त्या पाटीपुढे चिंब उभ्या असलेल्या माणसाला यात विनोद दिसत नाही. त्याला वेगळंच दुःख असतं.

ड्राय हे विशेषण पाण्याशी एकनिष्ठ नाहीच. ज्या धंद्यात जे असायला हवं ते नसलं, की तिथली मंडळी ड्राय म्हणून मोकळी होतात. लोण्याविना टोस्ट ड्राय. विण्याआधी दोनेक महिने आटवलेली गाय ड्राय. आपल्याकडे ती भाकड. ड्रायक्लीनिंगला दिलेला शालू मशीनमध्ये चांगला बुचकळून निघतो, फक्त पाण्यात नव्हे, रसायनात. तरी पावतीवर ड्रायच.

गोदीत मात्र हा शब्द पाण्याला जागतो. मुंबईत लवजी वाडियांच्या देखरेखीखाली 1750 साली सुकी गोदी तयार झाली. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे, पाणी काढून टाकायचं. जहाज हळूहळू लाकडी ठोकळ्यांवर टेकतं आणि एरवी कुणाच्या दृष्टीला न पडणारा त्याचा तळ उघडा होतो, शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटलेला. मग खरवडा, ठोका, डांबर लावा. वाडियांच्या गोदीत सागवानात घडलेली 1817 सालची 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. त्या मानाने आपले फ्लायओव्हर... जाऊ दे.

खरी गंमत वाइनची. ओतता येते ती वस्तू ड्राय कशी? तर द्राक्षातली साखर यीस्टने खाऊन संपवली की वाइन ड्राय. नाशिकला टेस्टिंगच्या टेबलाशी हमखास कुणीतरी रेड वाइनचा घोट घेऊन म्हणतं, 'फारच ड्राय आहे, घसा कोरडा पडला.' तो कोरडेपणा टॅनिनचा, द्राक्षाच्या साली-बियांतला. कच्च्या सुपारीचा तुरटपणा तोच. साखर असली तरी तो असू शकतो. शॅम्पेनच्या बाटलीवर तर गोंधळाचा कळस. 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलीत लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर, नुसत्या 'ड्राय'मध्ये 17 ते 32, आणि जिच्यावर ड्रायचं नावही नाही त्या 'ब्रूट'मध्ये 12हून कमी. ही नावं ठरली तेव्हा शॅम्पेन पाकासारखी गोड असे; तिच्यापुढे 32 ग्रॅमही कोरडेच. पुढे इंग्रज गिऱ्हाइकाची गोडाची आवड आणखी ओसरली, 1874 साली पॉमेरीच्या विधवा मालकीणबाईंनी त्याच्यासाठी ब्रूट काढली, आणि जुनी लेबलं आपल्या जागी तशीच राहिली. गोड आवडणाऱ्याने बिनदिक्कत 'ड्राय' मागावी.

इंग्रजांचा विनोदही ड्रायच असतो. त्यात गाळलेलं असतं ते सांगणाऱ्याचं हसू. चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आवाज आयकर नोटीस वाचल्यासारखा, आणि आपण दोन वाक्यं उशिरा हसतो. आपल्याकडे सांगणारा आधी स्वतः हसतो, मग टाळीसाठी हात पुढे करतो. मला दोन्ही आवडतात, पण लग्नाच्या पंगतीत दुसरंच बरं.

मराठी माणूस अडखळतो तो राजकारणापाशी. मार्गारेट थॅचर यांच्या पक्षात जे मवाळ, सरकारी खर्च कापताना हात आखडणारे, त्यांना हिणवायला 'वेट' म्हणत. आणि बाईंचे कट्टर अनुयायी ते 'ड्राय'. स्वतःला कोरडं म्हणवून घेण्यात भूषण! आपल्याकडे ओलावा हा गुण. कोरडं बोलणं, कोरडी सहानुभूती, झालंच तर कोरडे पाषाण, यांतलं काहीही कुणी निवडणुकीच्या पत्रकात छापून घेणार नाही.

अर्थात आपलाही हिशेब सरळ नाही. साताऱ्या-कोल्हापुराकडे भाकरीशी लावून खायला जे केलं जातं त्याला कोरड्यास म्हणतात. कोरड्या भाकरीला जोड म्हणून ते कोरड्यास. 'आज कोरड्यास काय केलंय?' असं चुलीकडे बघत विचारावं, तर पातेल्यात डाव फिरवत उत्तर येतं, 'आमटी हाय, पातळ झालीया जरा.'