घरचं पोर, शंभर टक्के नफा

तर मंडळी, २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगचा नियम होता: तीन वर्षांत तोटा फार तर साडेदहा कोटी पौंड. आता गंमत बघा. पाच कोटींना, पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू वर्षभराने विकला, तरी वहीत त्याचे चार कोटी शिल्लक असतात. त्याच्या वर मिळेल तोच नफा. अकादमीतल्या पोराची खरेदी शून्य, म्हणजे आलेला पैसा जवळपास सगळा नफा! न्यूकॅसलने २०२४च्या उन्हाळ्यात, हिशेबाचं वर्ष संपताना, एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं ते यातूनच. शेजारच्या व्हिटली बेचा, लहानपणापासून क्लबमध्येच वाढलेला मुलगा. अकादमीवरचा खर्च तर त्या तोट्यात धरतच नव्हते. म्हणजे पोरं घडवायला उत्तेजन, आणि ठेवून घ्यायला दंड? माझ्या कोडमध्ये असं झालं असतं तर टेस्टरने बग टाकला असता राव!