कोरडे सूप

आमच्या फडताळात दीड वर्ष एक पितळी डबा नुसता बसून होता. त्यात आईच्या हातच्या शेवया होत्या. गेल्या वर्षीच्या वैशाखात तिने त्या केल्या आणि मार्गशीर्षात ती गेली. "किडे पडतील हो त्यात," असे आमच्या सौ. महिन्यातून एकदा तरी म्हणत; पण खीर करायला त्याही धजत नव्हत्या. पहिल्या घासालाच प्रत्येकाने मनातल्या मनात म्हटले असते, 'आईची अशी नव्हती.' आणि ते खोटेही नसते.

हा पेच सोडवला माझ्या भाच्याने. तो मेक्सिकोत ग्वादालाहारा शहरी नोकरीला आहे. एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, इथं शेवयांना फिदेओ म्हणतात आणि चक्क तिखट करून खातात! आज घरमालकीणबाईंनी शिकवलं. आजीला सांगायला हवं होतं..." तो थांबला. मीही थांबलो. मग कागद-पेन्सिल घेऊन म्हटले, "हं, सांग."

या जातीच्या पदार्थांना तिकडे 'सोपा सेका' म्हणतात. म्हणजे कोरडे सूप! सहावीच्या एखाद्या मुलाने निबंधात असे लिहिले असते, तर मी खाली तांबडी रेघ ओढली असती. पण नावात तथ्य आहे. शेवया रश्श्यात शिजतात आणि शिजता शिजता सगळा रस्सा पिऊन टाकतात.

तिकडे या कामी चिपोत्ले, म्हणजे धुरावर वाळवलेली मिरची, वापरतात. ती इथे कुठली? मी दोन ब्याडगी मिरच्या गॅसच्या ज्योतीवर धरल्या. धरता धरता सौ.ना सांगितले की, गहू तिकडे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात नेला; पण टोमॅटो आणि मिरची मूळची तिकडचीच. आपल्याकडे मिरची आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. तेव्हा तिचे माहेर मेक्सिको!

"मग पाठवा तिला माहेरी," सौ. पदर नाकाला लावून म्हणाल्या.

तीन टोमॅटो, अर्धा कांदा, लसणाची एक पाकळी आणि त्या मिरच्या एकत्र वाटून मी गाळून घेतल्या. मग डबा काढला. शेवया तोडून घ्यायच्या होत्या. खाटेला पाट टेकवून, कणकेची लड हळूहळू ओढीत आई बसायची, ते मला दिसू लागले. शेवई मध्येच तुटली की ती स्वतःवरच चिडायची. आणि आता मी मुठी भरभरून मोडीत होतो! त्या मोडण्याचा आवाज फार झाला, असे मला वाटले.

तेलात त्या बदामी रंगाच्या किंचित पुढे न्यायच्या असतात. पण आईच्या शेवया विकतच्यांहून बारीक. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करपायला आल्या. घाईघाईने वाटण ओतले. चर्र! तांबडे शिंतोडे चष्म्यापर्यंत उडाले. दोन पेले पाणी, मीठ, वर झाकण, मंद आच. आठ मिनिटांत पाणी नाहीसे झाले. वरून साय, पनीरचा चुरा, कोथिंबीर आणि लिंबू. तिकडे आव्होकादोही घालतात. आमच्या बाजारात तो नव्हता.

चव? आंबट, तिखट, थोडी धुरकट, आणि मागे भाजल्या गव्हाचा खमंगपणा. खिरीशी तिचे काही नाते नव्हते. कोणी तुलना केली नाही, करणार कशाशी?

धाकटी तळाची खरवड उकरीत म्हणाली, "आजीनं हे तोंडात घातलं नसतं."

"घातलं असतं," सौ. म्हणाल्या, "आणि मग आठवडाभर नावं ठेवली असती."

आम्ही सगळे मोठ्याने हसलो. मार्गशीर्षानंतर ताटावर तिचे नाव निघाले, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

रात्री भाच्याला फोन केला. त्याने विचारले, "मामा, शेवया कुठल्या घेतल्यात?"

मी त्याला डब्याचे सांगितले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "थोड्या उरल्यात का?"

तळाशी मूठभर होत्या.