३४० खोल्यांचं घर

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जायचं ठरलं. लाल किल्ला, कुतुबमिनार, आग्रा असं सगळं बसवून एक सकाळ मोकळी उरली. ती मी मनातल्या मनात चांदणी चौकाला देऊन टाकली होती. नणंदेची यादीसुद्धा आली होती! तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला राष्ट्रपती भवन आतून बघायचंय. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई राहायच्या ना तिथे?"

"आई, सरकारी घर ते! बाहेरून दिसतंच की," हे म्हणाले. मीही गप्प बसले. खरेदी बुडेल ना!

रात्री मात्र झोप येईना. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण 'मला हे हवं' असं सासूबाईंनी कधी म्हटलेलं आठवेना. आणि मी? शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना '३४० खोल्या' मुलांकडून घोकून घेते. त्यातली एक तरी बघावी असं मला कधी वाटलं नव्हतं. सकाळी उठून आधी नावं नोंदवली. आतून बघायचं तर आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावीच लागते, आणि जाताना ओळखपत्र हवं.

खरं सांगू? ३४०पैकी मोजकीच दालनं दाखवतात. रेंगाळायला मिळत नाही. बागही ठरावीक दिवसांतच उघडते, ती आम्हांला चुकली. पण १९४७ साली नेहरूंचा शपथविधी झाला ते दालन पाहिलं. एका वेळी १०४ माणसं बसतील असं जेवणाचं टेबल पाहून तर सासूबाईंच्या तोंडून निघालंच, "एवढ्यांचं उष्टं-खरकटं कोण गं काढत असेल?"

बाहेर आल्यावर मी त्यांना सांगितलं, की हे घर इंग्रजांनी व्हाइसरॉयसाठी बांधलं, १९२९ साली पुरं झालं. "आणि शेवटी राहिली कोण, तर आपल्याकडची लेक!" त्या म्हणाल्या. गुडघे दुखत होते, तरी चेहरा कसा फुलला होता!

तेव्हा मैत्रिणींनो, नुसता थाट बघायचा असेल तर दिल्लीत इतर जागा पुष्कळ आहेत. पण घरातल्या कुणाच्या मनात असेल, तर एक सकाळ जरूर द्या. नणंदेची यादी अजून माझ्या पर्समध्येच आहे. ती रुसली आहे खरी. समजूत सासूबाईच घालताहेत!