फोनपेक्षा लहान पापलेट

रविवारी सकाळी बुवापाड्यात मावशीची हाक आली की आई पैशांचा डबा उघडते. मावशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर माल घेते आणि लोकलच्या लगेज डब्यातून अंबरनाथला येते. तिच्या पाटीत आमचा वाटा ठरलेला असतो: छोटी पापलेटं, दोनशेला सहा. घरात माणसंही सहाच.

मागच्या महिन्यात मासे धुताना त्यातलं एक मी सहज फोनशेजारी ठेवलं. स्टोरी टाकायची होती. फोन १६ सेंटिमीटरचा. पापलेट बरंच तोकडं पडलं. पट्टी आणली. ११ सेंटिमीटर. स्टोरी राहिली.

२०२३ साली सरकारने चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, बांगडा १४०, बोंबील १८०, सुरमई ३७०. याहून लहान मासा पकडायचा नाही. कारण साधं आहे. माशाला निदान एकदा अंडी घालता आली पाहिजेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तीही त्यासाठीच. पण ऑगस्टमध्ये बारीक आसाची जाळी पाण्यात पडली की पिल्लंच वर येतात. सातपाटीचे मच्छीमार कित्येक वर्षं हेच सांगतायत, पिल्लं मारली तर मोठं पापलेट येणार कुठून?

मी आईला सांगितलं. ती कांदा चिरत होती.

"मोठं एक आणलं तर तुकडे पडतील चार. सहा ताटांत कसे वाढू? यात प्रत्येकाला अख्खं मिळतं."

बाबा एमआयडीसीत ठेक्यावर आहेत. ताटात अख्खं पापलेट पडणं ही आमच्याकडची श्रीमंती. ती परवडते, कारण ते पापलेट मोठंच झालेलं नसतं.

रोहू सुचवून पाहिला. तळ्यात वाढवलेला, स्वस्त, समुद्रातलं काही कमी होत नाही. आजीने तोंड वाकडं केलं. "चिखलाचा वास येतो त्याला."

पुढच्या रविवारी मावशीलाच विचारलं, "एवढी बारकी का आणता?"

"मोठी बर्फात भरून बाहेर जातात गं. माझ्या वाटणीला हीच येतात. आणि मोठी आणली तर इथं घेणार कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. मावशीला दोष देऊ, तर त्या पाटीतला एक वाटा इतकी वर्षं आमच्याच नावाचा होता.

त्या दिवशी आम्ही सहा बांगडे घेतले. घरी येऊन मी ते फोनला लावून पाहिले. सगळे फोनपेक्षा लांब.

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "आज पापलेट नाही?"

"जरा मोठी होऊ द्या म्हणते तुमची पोरगी," आई म्हणाली.

बाबा काही बोलले नाहीत. बांगडा मात्र त्यांनी काटा चोखून संपवला.